मुठेचे दोन काठ जोडणारे तीन डिझाइन प्रकल्प (डेक्कन – नारायण पेठ): छेद तपासून हवेत

तिरपा_छेद

नमस्कार. बी.आर्क.च्या शेवटच्या वर्षाच्या थीसिससाठी पुण्यातला लकडी पूल ते नवा पूल हा मुठेचा पट्टा घेतला आहे. एका काठावर डेक्कन, पुलाची वाडी आणि जंगली महाराज रस्त्याची मागची बाजू, दुसऱ्यावर नारायण आणि शनिवार पेठ. नकाशावर हे दोन भाग अगदी शेजारी दिसतात. प्रत्यक्षात माणूस नदीपर्यंत पोचतच नाही. पेठेच्या बाजूला पात्रातला रस्ता आडवा येतो, डेक्कनच्या बाजूला मेट्रोचे खांब, पार्किंग आणि इमारतींच्या पाठी येतात.

तीन छोटे प्रकल्प मिळून एक जोडणी असा विचार आहे.

१. पेठेतला एक बोळ जिथे काठाला संपतो तिथून पाण्यापर्यंत पायऱ्या आणि रॅम्प. बोळाचे तोंड ते खालचा काठ हा उंचीफरक सध्या ६ मी गृहीत धरला आहे, लेव्हल घेतल्यावर बदलेन. रॅम्प ४० मी लांब काढला आहे.

२. डेक्कनच्या काठावर मेट्रोच्या मार्गाखाली बाग, बसायचे कट्टे आणि ओपन थिएटर. मार्गावरून पडणारे पावसाचे पाणी शोषखड्ड्यात.

३. पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या सखल भिडे पुलाच्या दोन्ही तोंडांशी फरसबंदीचा चौक, कडेला फेरीवाल्यांसाठी पक्के ओटे, पुलाला नवीन लोखंडी कठडा.

प्लॅन १:५०० मध्ये तयार आहे. पुढच्या ज्युरीआधी (परीक्षकांसमोरच्या मांडणीआधी) छेदांवर, म्हणजे जागा उभी कापून दाखवणाऱ्या ड्रॉइंगवर, सूचना हव्या आहेत.

---

उतारमाप

आधी रॅम्प, कारण तो बदलला की बाकीचा प्लॅनही बदलेल.

६ मी चढायला ४० मी म्हणजे १:६.७. व्हीलचेअरवरचा माणूस हा उतार एकट्याने चढू शकत नाही आणि उतरताना खुर्ची हाताबाहेर जाते. कमाल उतार १:१२ धरा. त्यातही एका सलग तुकड्यात ७५० मिमीपेक्षा जास्त चढ घेऊ नका, म्हणजे ९ मी चालले की १.५ मी सपाट लँडिंग. हिशेब असा: ६ मी भागिले ०.७५ मी, तुकडे ८, मधली लँडिंग ७. लांबी ७२ अधिक १०.५, म्हणजे ८२.५ मी. वर आणि खाली वळायला आणखी दीड-दीड मीटर. तुम्ही काढलेल्याच्या दुपटीहून जास्त.

एवढी लांबी बोळाच्या तोंडाशी मावत नाही म्हणून बहुतेक विद्यार्थी ती नागमोडी घडी घालतात. मग पायऱ्यांवरून जाणारा माणूस सरळ उतरतो आणि रॅम्पवरचा सात वेळा वळतो. त्याऐवजी काठाला समांतर, १:२० ची लांब वाट घ्या. ६ मीटरला १२० मी लागतील. ती वाट सगळेच वापरतात: आजी, बाबागाडी, सायकल ढकलणारा, भाजीची हातगाडी. काठाला लांबीची कमतरता नाही, रुंदीची आहे.

पायऱ्यांना रायझर (पायरीची उंची) १५० आणि ट्रेड (पाऊल ठेवायची रुंदी) ३०० मिमी. ६ मीटरला ४० रायझर होतात, दहा-दहाच्या चार टप्प्यांत तोडा. एका टप्प्यात बारापेक्षा जास्त नकोत. कठड्याला दोन दांडे, ७६० आणि ९०० मिमीवर, आणि ते पहिल्या-शेवटच्या पायरीपुढे ३०० मिमी निघालेले. दृष्टिहीनांसाठी ठिपक्यांची फरशी पायरीच्या ३०० मिमी आधी लावतात. अगदी कडेला लावली तर सूचना मिळेपर्यंत पाऊल हवेत गेलेले असते.

---

विसर्ग

तिन्ही प्रकल्पांत एक गोष्ट कुठेच दिसत नाही, ती म्हणजे पाण्याची पातळी. मुठेच्या काठावर कोरड्या नदीचा छेद काढून चालत नाही. प्रत्येक छेदात तीन आडव्या रेषा काढा: उन्हाळ्यातले पाणी, भिडे पूल बुडतो ती पातळी, आणि निळी पूररेषा. चौथी लाल रेषा वरच्या रस्त्याजवळ जाईल तीही दाखवा. भिडे पूल ही या पट्ट्यातली सगळ्यांना माहीत असलेली मोजपट्टी आहे. तो पाण्याखाली गेला की खालचा काठ बंद, एवढे सूत्र धरले तरी डिझाइन बरेच मार्गी लागते.

निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. पुण्यात त्यांच्यासाठी अनुक्रमे ६०,००० आणि १ लाख क्युसेक विसर्ग धरला जातो, म्हणजे सुमारे १,७०० आणि २,८३० घनमीटर प्रति सेकंद. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, निळ्या-लालमधल्या पट्ट्यात निर्बंध असतात. मात्र निळ्या रेषेच्या बाहेर म्हणजे कोरडे असे समजू नका. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरले तेव्हा खडकवासल्याचा विसर्ग ६०,००० च्या बराच खाली होता. धरणाच्या खालच्या भागात पडणारा पाऊस, ओढ्यांचे पाणी आणि पात्रातले अडथळे धरणाच्या आकड्यात येत नाहीत.

आता तुमच्या प्रकल्पांचा पाण्यावर परिणाम.

काठावर ५ मी रुंद आणि ३ मी उंच भराव टाकला तर छेदातले १५ चौ.मी. गेले. तिथे पाण्याचा वेग २ मी/से धरला तर ३० घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे हजाराहून जास्त क्युसेक पाण्याची वाट अडली. ते पाणी वर चढते किंवा समोरच्या काठाकडे ढकलले जाते. समोर पुलाची वाडी आहे. म्हणून सरळ नियम ठेवा: जेवढा भराव तेवढीच खोदाई त्याच छेदात, त्याच उंचीवर. आकडा छेदाखाली लिहा. घाट काठात आत कोरून घ्या, पात्रात पुढे ढकलू नका.

रॅम्प, भिंती, बाकांच्या रांगा, झाडांच्या रांगा, सगळे प्रवाहाला समांतर. प्रवाहाला आडवी भिंत ४५० मिमीची असली तरी तिच्यामागे भोवरा होतो, वरच्या बाजूला गाळ बसतो आणि खालच्या बाजूला माती उकरली जाते.

भिडे पुलाचा लोखंडी कठडा ही सगळ्यात धोक्याची सूचना आहे. पुराबरोबर जलपर्णी, फांद्या, प्लास्टिक येते आणि गजांत अडकते. अर्ध्या तासात जाळीची भिंत होते. पुलांच्या भारमानकात प्रवाहाच्या दाबाचे सूत्र ५२ × क × वेगाचा वर्ग असे आहे, किलो प्रति चौ.मी. मध्ये. क हा अडथळ्याच्या आकाराचा गुणांक, चौकोनी अडथळ्याला १.५. वेग ३ मी/से धरला तर दर चौ.मीटरला सुमारे ७०० किलो. पादचारी कठडा साधारणपणे दर मीटरला १५० किलो आडव्या भारासाठी काढतात. म्हणजे तुंबलेला कठडा उखडणार, किंवा पुलाचा स्लॅब घेऊन उखडणार. बुडणाऱ्या पुलाला एक तर काढता येणारे कठडे द्या (पावसाळ्याआधी खुंटातून उपसून ठेवायचे), नाही तर प्रवाहाच्या दिशेने आडवे पडणारे बिजागरीचे. दोन खांबांत फक्त दोन आडवे दांडे ठेवले तर कचरा कमी अडकतो, पण लहान मूल त्यातून निसटू शकते. म्हणून काढता येणारा प्रकार बरा.

---

गवंडीकाम

घाटाच्या भिंतीबद्दल. पुरात भिंत पडत नाही, पूर ओसरताना पडते. धरणाचे दरवाजे बंद झाले की नदी झपाट्याने उतरते, पण भिंतीमागची माती पाण्याने भरलेलीच राहते. पुढचा आधार गेला आणि मागचा दाब राहिला, की भिंत पोट काढते आणि वर्षा-दोन वर्षांत कोसळते.

उपाय जुनाच आहे, पण ड्रॉइंगवर दिसत नाही म्हणून गाळला जातो. ७५ ते १०० मिमी व्यासाची पाणभोके, आडवी-उभी दीड मीटरवर, एका ओळीआड सरकवलेली, बाहेरच्या बाजूला किंचित उतरती. भोकामागे नुसती खडी भरली तर माती वाहून येते आणि वरची फरसबंदी खचते. म्हणून मातीकडून भिंतीकडे आधी वाळू, मग बारीक खडी, मग जाड खडी, किंवा जिओटेक्स्टाइल कापड आणि खडी. भिंतीचा पाया पात्रातल्या काळ्या खडकात. या पट्ट्यात खडक बऱ्याच जागी उघडा दिसतो, तिथे खडक तासून पायरी करा आणि सळया ड्रिल करून ग्राउट करा (भोक सिमेंटच्या पातळ गाऱ्याने भरा). खडक खोल असेल तिथे पायाशी मोठ्या दगडांचा पट्टा अंथरा, नाही तर पायथा उकरला जाईल.

गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत भरलेले दगड, सुचवणार असाल (सगळे सुचवतात), तर तार नुसती जस्ताची नको. मुठेत सांडपाणी आहे, तार लवकर खाल्ली जाते. जस्तावर पीव्हीसीचे आवरण असलेली घ्या. दगड जाळीच्या छिद्रापेक्षा मोठा, १५० ते २५० मिमी. आणि जिथे लोक बसणार, चढणार तिथे गॅबियन नकोच. तार तुटली की टोके बाहेर येतात.

पायऱ्यांना टाकी मारलेला (छिन्नीने खडबडीत केलेला) काळा दगड. गुळगुळीत ग्रॅनाइट किंवा घासलेली शहाबादी ओल्या गाळावर अक्षरशः साबण होते. दगड ९०० ते १२०० मिमी लांब घ्या, छोटे तुकडे पाणी उचलते. ट्रेडला नदीकडे १:१०० उतार, म्हणजे पाणी साचून शेवाळ धरत नाही. पेव्हर ब्लॉक खालच्या काठावर अजिबात नकोत. त्यांच्या खालची वाळू पहिल्याच पुरात धुतली जाते आणि ब्लॉक विखुरतात.

---

पेठकरीण

पुरानंतरचा दिवस कोणीच काढत नाही. खालच्या काठावर बोटभर ते वीतभर गाळ बसतो. तो दोन दिवसांत ओला असतानाच काढावा लागतो, वाळला की कुदळीने फोडावा लागतो आणि पायऱ्यांच्या कडा जातात. म्हणून तीन गोष्टी प्लॅनवर दाखवा: ट्रॅक्टर किंवा जेसीबी खाली उतरेल असा किमान ३.५ मी रुंद उतार (हा १:८ चालेल, हा माणसांचा रॅम्प नव्हे), वरच्या पातळीवर पाण्याच्या पाइपची जोडणी, आणि गाळ तात्पुरता टाकायची जागा. ही जागा काढली नाही तर गाळ परत पात्रात लोटला जातो.

तोच उतार गणपती विसर्जनाला लागतो. मिरवणुका लक्ष्मी रस्त्याने टिळक चौकात येतात आणि या काठांवर उतरतात. हौद ठेवायला सपाट जागा, ट्रक उभा राहून वळायला जागा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटा वेगळ्या. एकच जिना असेल तर आरती आटपून वर येणारे आणि मूर्ती घेऊन उतरणारे समोरासमोर अडकतात.

---

तिरपा_छेद

खूप उपयोगी. रॅम्प काढून टाकला, समांतर १:२० वाट घेतो. पायऱ्या काठात आत कोरून घेतो. एक शंका: काठात आत कोरायचे तर वरचा पात्रातला रस्ता कापला जातो. तो बंद धरू का? थीसिसमध्ये तेवढे स्वातंत्र्य आहे.

---

नकाशेवाला

स्वातंत्र्य आहे, पण रस्ता बंद धरलात तर त्यावरची वाहतूक कुठे जाते ते दाखवावे लागेल, आणि थीसिस वाहतुकीचा होऊन बसेल. रस्ता ठेवून त्याला ओलांडायची जागा बळकट करा. जोडणी तिथेच तुटते आहे.

बोळाच्या तोंडासमोर रस्त्याचा पृष्ठभाग फुटपाथाइतका, १५० मिमी उचला. उचललेला पट्टा किमान ३ मी रुंद, जमल्यास बोळाच्या रुंदीइतका, आणि शक्य असेल तर बोळाच्याच दगडाचा. म्हणजे बोळ रस्त्यावरून तसाच पुढे घाटात जातो आणि गाडी त्याच्या वाटेत येते. दोन्ही कडांना बोलार्ड (बुटके खांब), मधले मोकळे अंतर १.२ मी: व्हीलचेअर जाते, मोटार जात नाही. दुचाकी मात्र जाते, ती नुसत्या बोलार्डने अडणार नाही. तिथे रस्त्याची रुंदीच कमी करून वेग उतरवा.

उचललेल्या पट्ट्यामागे पावसाचे पाणी तुंबते. ही चूक शहरभर दिसते. पट्ट्याच्या वरच्या बाजूला दोन्ही कडांना जाळीची चेंबर द्या आणि पाणी पट्ट्याखालून पाइपने काढा.

सिग्नलने ओलांडायचे असेल तर चालण्याचा वेग १.२ मी/से धरतात, पण पेठांमध्ये वयस्कर माणसे भरपूर आहेत. ०.८ धरा. १२ मी रस्त्याला १० सेकंदांऐवजी १५ लागतात.

जंगली महाराज रस्त्याचे नवे रूप (महापालिकेच्या २०१६ च्या रस्तारचना धोरणानंतरचे) मोजायला जा. फुटपाथाची रुंदी, कट्ट्यांची उंची, झाडांभोवती सोडलेली जागा, सगळे टेपने मोजून वहीत. नदीच्या बाजूने मात्र त्या रस्त्याला जोडणारी किती तोंडे उघडी आहेत ते बघा. तुमचा दुसरा प्रकल्प खरे तर तिथे सुरू होतो.

---

वाळुंज

मेट्रोखालच्या बागेविषयी.

डेकखाली (मेट्रोच्या मार्गाच्या स्लॅबखाली) पाऊस पडत नाही आणि ऊन तिरपे येते. तिथे हिरवळ लावली तर दोन वर्षांत माती उघडी पडते. डेकच्या कडेखाली उलटी अडचण: वरून पागोळी एकाच रेषेत पडते आणि माती खणते. म्हणून छेदात तीन पट्टे करा. मधला कोरडा पट्टा फरसबंदीचा, वापराचा. कडेच्या पागोळीखाली गोट्यांची चर, ६०० मिमी रुंद. त्याबाहेर, जिथे आकाश दिसते, तिथे झाडे.

शोषखड्डा काढून टाका. डेक १० मी रुंद आणि दोन खांबांमधला गाळा २५ मी धरला तर २५० चौ.मी. होतात. ताशी ५० मिमी पावसात तासाला साडेबारा हजार लिटर पाणी एका खांबाच्या नळीतून येते. नदीकाठी भूजल वरच असते आणि पुरात खड्डा आधीच भरलेला असतो. ते पाणी उथळ, झाडोऱ्याच्या चरीतून सावकाश नदीत सोडा. चरीच्या तोंडाशी दगड लावा, नाही तर नळीखाली घळ पडेल.

झाडे काठाचीच घ्या: वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ. अगदी पाण्यालगत शेरणी, ती पुरात आडवी होते आणि पुन्हा उभी राहते. खालच्या पातळीवर दाट झुडपांची भिंत करू नका. पाण्याला होणारा विरोध मोजायचा मॅनिंगचा गुणांक काँक्रीटला ०.०१५ च्या आसपास, गवताळ काठाला ०.०३, दाट झुडपांना ०.०७ ते ०.१. तेवढाच उतार आणि खोली असली तर गुणांक दुप्पट झाल्यावर वेग निम्मा होतो, म्हणजे तेच पाणी जायला पातळी चढावी लागते. खोड उंच, फांद्या वर, रांगा प्रवाहाला समांतर.

खांबाच्या पायाजवळ झाड नको, खोदाई नको. पाइलकॅप (खांबाच्या पायाचा काँक्रीटचा ठोकळा) कुठपर्यंत आहे ते मेट्रोच्या ड्रॉइंगवरून घ्या आणि तपासणीच्या शिडीगाडीला खांबापर्यंत वाट ठेवा. खांबावरच्या बेअरिंगच्या खाचांत कबुतरे बसतात. त्याखाली बाक ठेवले तर कोणी बसणार नाही.

---

ओसरी

डेकखाली काय ठेवायचे यावर. ओपन थिएटर हे प्रत्येक थीसिसमध्ये असते आणि वर्षातले थोडेच दिवस भरते. दर पाच-सात मिनिटांनी डोक्यावरून गाडी जाणार असेल तर भाषणही ऐकू येणार नाही.

नेदरलँड्समध्ये झानस्टाड भागातल्या कोख आन दे झान या गावाचे उदाहरण नीट अभ्यासा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ए-८ महामार्ग खांबांवरून गावाच्या मधून गेला. एका बाजूला चर्च, दुसऱ्या बाजूला जुने नगरभवन. एनएल आर्किटेक्ट्सने त्या सुमारे ७ मी उंच जागेत जे घातले त्यात सुपरमार्केट, फुलांचे आणि मासळीचे दुकान, मोटारींची जागा, स्केटिंगचा खड्डा, नदीकडे होड्यांचा छोटा धक्का. २००६ मध्ये युरोपातल्या सार्वजनिक जागांसाठीच्या पारितोषिकात त्याची संयुक्त विजेता म्हणून निवड झाली. त्यात लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे सुपरमार्केट. माणसे दूध-पाव आणायला रोज दोन्ही बाजूंनी येतात, आणि मग बाकीची जागा आपोआप वापरात राहते.

मुंबईत दोन जवळची उदाहरणे आहेत. माटुंग्याला उड्डाणपुलाखालची बाग, २०१६ पासून, सुमारे ६०० मी लांब चालायची पट्टी. ती लांबीच्या दिशेने चालणाऱ्यांसाठी आहे, कुंपणाने बंद आहे, आडवे ओलांडणे तिचे काम नव्हते. लोअर परळला सेनापती बापट मार्गाच्या पुलाखालची जागा, २०२२, सुमारे २०० मी, तिथे बसायचे, व्यायामाचे, वाचायचे वेगवेगळे कोपरे आहेत. दोन्हींत जाऊन एकच गोष्ट मोजा: १५ मिनिटांत किती जण लांबीने गेले आणि किती जण आडवे ओलांडून गेले. तुमचा प्रकल्प जोडणीचा आहे, म्हणून तुम्हाला दुसरा आकडा हवा.

डेक्कनला रोजचे कारण तयार आहे. लोक बस आणि मेट्रोने येतात आणि लक्ष्मी रस्ता, तुळशीबाग, मंडईकडे जातात. ती चालण्याची रेघ सरळ, सावलीत आणि उजेडात ठेवा. त्या रेघेच्या कडेला चप्पल शिवणारा, फुलवाली, चहा, सायकल दुरुस्ती. पक्के ओटे मात्र नकोत. भिडे पुलाजवळची जागा बुडणारी आहे, तिथे ढकलून वर नेता येईल असा गाडा हवा. एका गाड्याला २ मी × १.२ मी आणि पुढे गिऱ्हाइकाला १.२ मी, त्यापलीकडे चालायला मोकळे १.८ मी. सध्या तिथे बसणारे कोण, कुठल्या वेळी, हे आधी नोंदवा. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात नगर पथविक्रेता समितीवर किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात. तुमच्या प्रस्तावात जागा कोण वाटणार याचे उत्तर तिथून येते.

---

तिरपा_छेद

थिएटर काढले. सोलचे चाँगेचॉन माझ्या केस स्टडीत आहे, ते ठेवू ना? उन्नत रस्ता पाडून ओढा मोकळा केला, ५.८ किमी, २००५ मध्ये खुला झाला.

---

विसर्ग

ठेवा, पण पाण्याची बाजू प्रामाणिकपणे लिहा. तिथले पाणी बहुतांशी हान नदीतून पंपाने आणलेले आहे, दिवसाला सुमारे १,२०,००० टन. म्हणून जोराचा पाऊस नसेल तेव्हा उथळ आणि एकसारखी पातळी राहते आणि पाण्यातून जायचे दगड उघडे राहतात. मुठेत उन्हाळ्यात जेमतेम धार आणि पावसाळ्यात हजारो क्युसेक. त्या फोटोंवरून पाण्यात पाऊलदगड काढलेत तर ज्युरीत पहिला प्रश्न तोच येईल.

साबरमतीचेही तसेच. पात्र भिंतींनी २६३ मीटरच्या एकसारख्या रुंदीत बसवले आणि पाणी नर्मदा कालव्यातून घेतले. छेद अभ्यासायला चांगला आहे: खालचा काठ, वरचा काठ, रस्ता. पण मुठेचे पात्र अरुंद आहे आणि दोन्ही बाजूंनी घरे आहेत. रुंदी कापण्याची चैन इथे नाही.

आणि पाण्याचा रंग निळा भरू नका. शहरात सांडपाणी शुद्धीकरणाच्या ११ नव्या केंद्रांचे काम आहे, पण तुमच्या पट्ट्यात नाले कुठे मिळतात ते चालत जाऊन नोंदवा. काठालगत मैलावाहिनी आहे, तिच्या चेंबरची झाकणे घाटाखाली गाडली तर पहिल्या तुंबण्याला घाट फोडतील. झाकणे फरसबंदीच्या सांध्यात आणा, आणि खालच्या पातळीवर कुलूपबंद, पाणी न शिरणारी ठेवा.

---

दिवाबत्ती

उजेडाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून. वीजपॅनल लाल रेषेच्या वर. खालच्या काठाचा फीडर (वीज नेणारी मुख्य तार) पूर्ण वेगळा, ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक ब्रेकर, आणि विसर्गाची सूचना आली की वरून एका खटक्यात बंद. खांबाच्या बुडाशी जंक्शन बॉक्स ठेवायची पद्धत इथे चालत नाही, तो खांबात वरती, निळ्या रेषेच्या वर घ्या. ४ ते ५ मी खांब, अंतर उंचीच्या तीन-साडेतीन पट. दिवा वाटेवर पडावा, पाण्यावर नको. प्रखर एक खांब आणि मध्ये काळोख यापेक्षा मंद पण सलग उजेड चांगला, कारण डोळा सावलीतला माणूस ओळखू शकतो. पायऱ्यांवर उजेड बाजूने द्या, म्हणजे कडा दिसते.

---

नकाशेवाला

परवानगीची एक गोष्ट राहिली. पाताळेश्वर आणि शनिवारवाडा दोन्ही केंद्रीय संरक्षित स्मारके आहेत. संरक्षित हद्दीपासून १०० मी नवीन बांधकामाला मनाई, पुढचे २०० मी परवानगीने. प्लॅनवर दोन्हींचे पट्टे काढा. अंतर इमारतीच्या मध्यापासून नव्हे, हद्दीपासून मोजतात, म्हणून आकार गोल येणार नाही. वरच्या पातळीवर काही बांधणार असाल तर ते या पट्ट्यात येते का ते त्यावरून कळेल.

---

तिरपा_छेद

बदललेली यादी: १:१००० वर दोन्ही काठांचा नकाशा, उघडी आणि बंद तोंडे दाखवून. दर २५ मीटरला एक छेद, १:२०० वर, चार पातळ्यांसह, प्रत्येकाखाली भराव-खोदाईचा आकडा. घाटाची भिंत, काढता येणारा कठडा आणि पागोळीची चर १:२० वर. मॉडेल अख्ख्या पट्ट्याचे न करता एका छेदाचे, १:१००. माणसांची मोजणी सकाळी ८ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ८, दर १५ मिनिटांनी, एक कामाचा दिवस आणि एक रविवार, लांबीने आणि आडवे वेगळे.

लेव्हल या आठवड्यात घेतो. बोळाच्या तोंडाशी १००.०० धरून सुरू करतो.

---

गवंडीकाम

१००.०० धरू नका. पूररेषेच्या नकाशावरचे आकडे समुद्रसपाटीपासूनचे असतात. तुमचे १००.०० आणि त्यांचे आकडे जुळणार नाहीत आणि निळी रेषा छेदावर अंदाजाने काढावी लागेल, मग वरचे सगळे हिशेब अंदाजाचे. जवळचा बेंचमार्क (समुद्रसपाटीपासूनची उंची माहीत असलेली खूण) शोधा, तिथून पातळी बोळापर्यंत आणा आणि परत बेंचमार्कला नेऊन बंद करा. साध्या लेव्हलिंगला २४ गुणिले किलोमीटरच्या वर्गमुळाइतके मिलिमीटर चूक चालते: जाऊन-येऊन १ किमी झाले तर २४ मिमी. त्याहून जास्त आली तर फेरी पुन्हा. यंत्रापासून पुढचे आणि मागचे अंतर सारखे ठेवा, ३०-४० मी पलीकडे मापाची दांडी नेऊ नका. भिडे पुलाच्या स्लॅबची पातळी त्याच फेरीत घ्या, दोन्ही टोकांना आणि मध्यावर. तो आकडा प्रत्येक छेदावर लागणार आहे.